सोळा क्रेडिटचं पहिलं सेमिस्टर

अल मवालेह, मस्कत

चि. मुली,


तुझी विषयांची यादी बाबांनी काल मला दाखवली. कॅल्क्युलस ४, लॅबसह रसायनशास्त्र ४, लॅबसह भौतिकशास्त्र ४, प्रोग्रॅमिंग ३, इंग्रजी लेखन ३. एकूण १८ क्रेडिट. तुझ्या हुशारीबद्दल मला कधीच शंका नव्हती, आजही नाही. तरीही ही यादी तू बदलावीस असं मला मनापासून वाटतं.

इथल्या इंडियन स्कूलमधल्या मुलांनी विषय एकदाच निवडलेले असतात, अकरावीत. पुढे दिवसाचं वेळापत्रक शाळा लावते आणि संध्याकाळचं ट्यूशन. पुण्याला गेलेल्या तुझ्या आतेभावालाही विषय निवडायची चिंता पडली नाही. सीओईपीत काय किंवा व्हीजेटीआयमध्ये काय, पहिल्या सेमिस्टरचे विषय कॉलेजच ठरवतं. तुला मात्र मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेत पाऊल ठेवायच्या आधीच स्वतःचं सेमिस्टर बांधायचं आहे, आणि ते काम याआधी कुणीच तुझ्याकडून करून घेतलेलं नाही.

आतेभाऊ म्हणाला म्हणे, ‘आम्हाला वीस क्रेडिट असतात, अठराचं काय घेऊन बसलीस!’ त्याचा आकडा बरोबर आहे. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात आठ सेमिस्टरना मिळून १६० क्रेडिट आहेत, म्हणजे सरासरी वीस. पण तिथे आठवड्याला एक तास लेक्चर किंवा दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. घरचा अभ्यास त्या हिशेबात येत नाही. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाच्या सहकार्याने २००७ मध्ये सुरू झालेलं जर्मन विद्यापीठ इथून जवळच हलबानला आहे, ते तू पाहिलं आहेस. जर्मनीत सेमिस्टरला ३० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे सेमिस्टरभरात २५ ते ३० तासांचं काम. अमेरिकेत एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्गात आणि निदान दोन तास वर्गाबाहेर, असा नियमच आहे. वीस, तीस, अठरा हे आकडे शेजारी मांडून काही कळत नाही. तास मोजायचे.

तुझ्या १८ क्रेडिटचे आठवड्याला ५४ तास होतात. हा झाला कागदावरचा हिशेब. लॅबमध्ये एका क्रेडिटसाठी दोन-तीन तास उभं राहावं लागतं, वर अहवाल लिहायचा तो वेगळा, आणि तू एकाच सेमिस्टरला दोन लॅब घेतल्या आहेस. कॅम्पसवर काम मिळालं तर करणार आहेस, असं आईने सांगितलं. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत ते करता येतं. दहाच तास धरले तरी ६४ झाले. स्वयंपाक, कपडे, बँक, पहिली थंडी, नवे उच्चार कानावर बसणं, हे सगळं उरलेल्या वेळात. आणि घरी फोन! तुझे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पाच. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवार, तिथली शनिवार-रविवार. तुला आणि आईला, दोघींनाही मोकळा असा शनिवारच सापडेल. तो शनिवार लॅबच्या अहवालात जाऊ नये, असं मला वाटतं. पहिल्या काही महिन्यांत आईशी निवांत बोलणं ही चैन नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १८ जड म्हटल्यावर तू थेट १२ वर येशील, आणि तेही मला नको आहे. एफ-१ च्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट ठेवावी लागतात. नेमके १२ घेतले आणि ऑक्टोबरमध्ये एखादा विषय हातातून निसटायला लागला, तर तो सोडायची सोय राहत नाही. सोडलास की व्हिसाच्या नियमाला धक्का. पहिल्या दिवसांत इंग्रजीची किंवा तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची अडचण आली तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातले अधिकारी भार कमी करायला परवानगी देऊ शकतात, तरी निदान सहा क्रेडिट लागतातच. पण ती परवानगी विषय सोडण्याच्या आधी घ्यावी लागते, आणि त्या पदवीत एकदाच मिळते. ती पहिल्याच सत्रात खर्चून टाकू नये.

म्हणून माझं म्हणणं, १६ घे. भौतिकशास्त्र पुढच्या सेमिस्टरला ढकल आणि त्या जागी अभियांत्रिकीची ओळख करून देणारा तुमच्याकडचा दोन क्रेडिटचा विषय घे. मग कॅल्क्युलस ४, रसायन ४, प्रोग्रॅमिंग ३, लेखन ३ आणि हे २. यातला कोणताही एक विषय सोडावा लागला तरी हातात किमान १२ उरतात. आठवड्याचे ४८ तास होतात आणि लॅब एकच. पदवीला १२८ क्रेडिट लागत असतील तर आठ सेमिस्टरना सोळाच येतात, म्हणजे तू मागेही पडत नाहीस.

भौतिकशास्त्रच का, असं तू विचारशील. ते तुझं आवडतं. मेकॅनिकलमध्ये विषय एकमेकांवर उभे असतात. कॅल्क्युलसच्या पायावर भौतिकशास्त्र, त्यावर स्टॅटिक्स, त्यावर डायनॅमिक्स आणि पदार्थांचं बल. कॅल्क्युलस चुकलं तर पुढचं सगळं अडतं, आणि काही विषय वर्षातून एकदाच शिकवले जात असल्याने कधी कधी अख्खं वर्ष जातं. भौतिकशास्त्र दुसऱ्या सेमिस्टरला घेणं ही तिथली नेहमीची वाट आहे. भार कमी करताना कॅल्क्युलसला मात्र हात लावू नकोस.

आणि कॅल्क्युलस ‘येतंय’ म्हणून गाफील राहू नकोस. सीबीएसईच्या बारावीत अवकलन, संकलन, अवकल समीकरणं तू केली आहेस, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे ओळखीचे वाटतील. पण तिथे मार्चमधली एक मोठी परीक्षा नसते. दर आठवड्याला गृहपाठ, मध्ये दोन-तीन परीक्षा, आणि सगळ्याचे गुण धरतात. शिवाय पुढच्या कॅल्क्युलसमध्ये अनंत श्रेणी आणि टेलरची श्रेणी येते, ती आपल्या बारावीत नाही. ओळखीच्या आठवड्यांत पुढचं वाचून ठेव.

सत्राच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत विषय बदलला तर गुणपत्रिकेवर खूण राहत नाही. त्यानंतर काही आठवडे सोडता येतो, पण गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ येतो. या दोन्ही तारखा तुझ्या विद्यापीठाच्या दिनदर्शिकेत असतील. आजच लिहून ठेव. पहिल्या परीक्षेचे गुण दुसऱ्या तारखेच्या आधी लागतात का, हेही प्रत्येक प्राध्यापकांना विचार.

बाबांचं म्हणणं मला माहीत आहे. १२ पासून १८ पर्यंत फी सारखीच, मग जास्त का घेऊ नये? अनेक विद्यापीठांत फी तशीच असते, आणि डॉलरमध्ये पैसे मोजणाऱ्या बापाला असं वाटणं साहजिक आहे. पण नापास झालेला चार क्रेडिटचा विषय पुन्हा घ्यायला लागला, तर तो फुकटात पडत नाही.

ॲडव्हायझरला आजच मेल कर. भौतिकशास्त्र दुसऱ्या सेमिस्टरला घेतल्यास स्टॅटिक्स वेळेवर मिळेल ना, एवढं त्यांच्याकडून लेखी घे. नवी यादी नोंदणीच्या आधी मला पाठव. फीचं बाबांशी मी बोलतो.

तुझा,
काका