कोणाच्या माणसांची सिस्टर?

एक आत्या, एक भाची. आत्या निवृत्त एएनएम. तळेगाव ढमढेऱ्याच्या आसपासच्या वस्त्यांवर लसीची पेटी खांद्याला लावून तिची उमेदीची वर्षं गेली. भाची नुकतीच बी.एस्सी. नर्सिंग झालेली. एम्सच्या नॉरसेट परीक्षेतून तिला भोपाळ मिळालं आहे. नावं कोणतीही घ्यावीत, पेच खरा आहे.

"शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव, जिथं कंपन्या आल्या तिथं दवाखाने आले," आत्या म्हणते. "इथं पेशंट कमी आहेत का?"

"पेशंट आहेत, पगार नाही." भाचीनं हिशेब मांडून ठेवलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये शिफारस केली, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा. शिफारस ती शिफारसच. एम्समध्ये मात्र सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतनच ४४,९०० आहे.

पैशाचं आत्याला पटतं. तिचा खरा आक्षेप वेगळा आहे.

"सासूसमोर विचारलं की सून म्हणते, गोळ्या घेते. चुलीपाशी एकटीला गाठलं की डबीतल्या लोहाच्या गोळ्या तशाच निघतात. हे मला कळायचं, कारण मी त्यांच्या ओळखीची होते. भोपाळात तुला कोण चुलीपाशी येऊ देईल?"

"पहिल्या दिवशी कोणीच नाही. आजीच्या ऑपरेशनला पुण्यात रात्रभर उशाशी बसलेली सिस्टर केरळची होती. तीही मराठी इथं येऊनच शिकली. गाव का सोडलंस, असं तिला आपण विचारलं होतं का?"

इथं भाचीचं पारडं जड होतं. पुण्या-मुंबईचे वॉर्ड कित्येक दशकं केरळच्या लेकींनी सांभाळले. दुसऱ्याची मुलगी आपल्याकडे आली तर ती सेवा आणि आपली गेली तर गावाशी बेइमानी, हा न्याय नव्हे. शिवाय गाव सोडल्याचा जाब नेहमी जाणाऱ्या मुलीला द्यावा लागतो. पदं रिकामी ठेवणाऱ्याला, वर्षानुवर्षं कंत्राटावर राबवणाऱ्याला तो कोणी विचारत नाही.

आत्या थोडा वेळ बोलत नाही. मग एकच नाव घेते: अरुणा शानभाग.

कर्नाटकातल्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, रुग्णालयाच्याच तळघरात कपडे बदलत असताना, तिथल्या सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत ती अंथरुणावरच होती.

"परमुलखात पोरीला कोण असतं, सांग."

"केईएमच्या सिस्टर होत्या. तिच्याबरोबर काम केलेल्या निवृत्त झाल्या, तिला कधी चालताना न पाहिलेल्या आल्या, पण सेवा थांबली नाही. २०११ मध्ये दयामरणाची याचिका फेटाळताना तिच्या वतीनं बोलण्याचा हक्क न्यायालयानं केईएमच्याच माणसांना दिला. रक्ताचं नातं नव्हतं, आत्या."

एकच आयुष्य दोघींच्या बाजूनं साक्ष देतं आणि निकाल मात्र देत नाही. पण त्यातून प्रश्नाची जागा बदलते. अरुणावरचा हल्ला परराज्यात घडला म्हणून तो परराज्यामुळे घडला, असं होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात मारली गेलेली तरुण डॉक्टर तर आपल्याच राज्यात, आपल्या भाषेच्या माणसांत काम करत होती. गाव जवळ असणं आणि ड्युटीची जागा सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरोघरी मात्र पहिलीचीच चौकशी होते.

आत्याला हे कळतं, कारण एकटीनं रात्रीची बाळंतपणं तिनंही केलेली आहेत. "मग पगाराच्या आधी तीन गोष्टी विचारून घे," ती म्हणते. "हॉस्टेल कुठं, रात्रपाळीला ने-आण कशी आणि कपडे बदलायची खोली आतून बंद होते का."

"विचारते. आणि गाडी दौंडवरूनच आहे. संध्याकाळी झेलम धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी भोपाळ."

"नोंदणीचं काय?"

"एम्सला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालते. मध्य प्रदेशात हलवायचीच झाली, तर इथून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागेल."

"इतक्यात हलवू नकोस," आत्या म्हणते. "महाराष्ट्राचीच राहू दे. आणि दर पाच वर्षांचं नूतनीकरण चुकवू नकोस."