अडलेली शीर, किरणोत्सव आणि पाहणारा

दृष्टिपटलातून रक्त परत नेणारी शीर अडली की माणसाला धूसर दिसू लागते. या आजाराचे निदान आणि उपचार वैद्यकशास्त्र करते. मात्र धूसर नेमके काय झाले, डोळा, मन की पाहणारा, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी फार पूर्वीच हाताळला आहे. देवाचे रूप डोळे भरून पाहणे हीच जिथे उपासना असते, तिथे तो पोथीपुरता राहत नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव हा असाच प्रसंग आहे.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागील भिंतीवरचा, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा पडदा. त्याला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी आणि ते परत नेणारी मुख्य नीला डोळ्याच्या मागे, दृष्टीच्या नसेत, एकाच आवरणात बांधलेल्या असतात. पडद्यावरही त्यांच्या शाखा एकमेकींना ओलांडतात आणि तिथे त्यांचे आवरण सामाईक असते. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा रक्तातील चरबी यांमुळे रोहिणी कडक झाली की शेजारची मऊ नीला दाबली जाते, प्रवाह मंदावतो आणि गुठळी धरते. काचबिंदूनेही हा धोका वाढतो. तुंबलेल्या भागातून रक्त आणि द्रव पाझरतो. स्पष्ट दृष्टीचे केंद्र असलेल्या पीतबिंदूला सूज आली की नजर उतरते. डोळा दुखत नाही. बहुधा एकच डोळा बिघडतो आणि दुसरा त्याची उणीव झाकतो, त्यामुळे चांगला डोळा सहज मिटला गेल्यावरच कित्येकांना बिघाड उमगतो.

अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. हिवाळी अयनदिनाच्या आधी आणि नंतर सूर्य क्षितिजावर त्याच ठिकाणी मावळतो, म्हणून किरणोत्सवाचा हा योग वर्षातून दोनदा येतो. पहिल्या दिवशी किरण देवीच्या चरणांना स्पर्श करतात, दुसऱ्या दिवशी ते छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत चढतात, असा क्रम मानला जातो. ढग, धूळ किंवा हवेतील बाष्प आड आले की तो अपुरा राहतो.

शीर अडलेल्या डोळ्याने हा सोहळा निराळा दिसतो. शाखा अडण्याचे प्रमाण पडद्याच्या वरच्या, कानाकडील भागात जास्त असते. डोळ्यात प्रतिमा उलटी पडत असल्याने वरचा भाग बिघडला की खालचे दृश्य हरवते. अशा एकट्या डोळ्याने मुखाकडे पाहिले तर मुकुट दिसेल, पण चरण अंधुक होतील. मुख्य नीला अडून पीतबिंदू सुजला असेल तर उलट घडते: गाभाऱ्याची चौकट जाणवते आणि जिथे नजर लावावी ते मुखच पुसट होते. मग दर्शन अपुरे झाले का?

उत्तरासाठी आधी डोळा पाहतो कसा हे बघावे लागते. न्यायदर्शनाच्या मते नेत्रेंद्रिय तेजाचे बनलेले असते आणि ते विषयापर्यंत जाऊन त्याला भिडते. जैन विचाराला हे मान्य नाही. त्याच्या मते डोळा विषयाला न स्पर्शता जाणतो. प्रकाशच डोळ्यात येतो हे आज ठाऊक असल्याने या एका मुद्द्यावर जैन मत सत्याच्या अधिक जवळ ठरते. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात इंद्रियाचे दोन प्रकार सांगितले आहेत: द्रव्येंद्रिय म्हणजे शरीरातील रचना, आणि भावेंद्रिय म्हणजे जाणण्याची क्षमता व तिचा प्रत्यक्ष वापर. शीर अडल्याने पहिल्याची हानी होते. जाणणारा जीव मात्र या रचनेहून वेगळा राहतो. नैयायिकही आत्मा, मन, इंद्रिय आणि विषय अशी साखळी मानतात. एक कडी निखळली म्हणून उरलेल्या नष्ट होत नाहीत.

अद्वैत याहून पुढे जाते. रूप डोळ्याला दिसते, डोळ्याची अवस्था मनाला कळते आणि मनाची अवस्था साक्षीला, म्हणजे आतल्या पाहणाऱ्याला, कळते. ‘धूसर दिसते आहे’ असे ज्याला कळते, त्याचे ते कळणे धूसर नसते. रुग्ण आपल्या दृष्टीतील डाग इतका नेमका सांगू शकतो, कारण सांगणारा त्या डागाहून वेगळा असतो. या दृष्टीने देवीसमोर उभा असलेला भक्त उणा होत नाही, त्याचे साधन उणे होते. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. तरीही त्यांनी विपुल ग्रंथरचना केली आणि मधुराद्वैत हे दर्शन मांडले.

पण साधन गौण आहे म्हणून त्याची हेळसांड करावी, असे यातून निघत नाही. छांदोग्य उपनिषदात इंद्रियांच्या वादाची कथा आहे. डोळा वर्षभर शरीर सोडून जातो. शरीर तगते, पण आंधळ्यासारखे. प्राणाचे श्रेष्ठत्व सांगणारी हीच कथा डोळ्याची उणीवही नोंदवते.

हा आजार देवीचा कोप किंवा पूर्वजन्मीचे पाप आहे, ही समजूतही टिकत नाही. दिसणारे कारण पुरेसे असताना अदृष्ट कारण कल्पू नये, हा भारतीय तर्कपरंपरेतलाच नियम आहे, आणि इथे रक्तदाब, साखर व कडक झालेली रोहिणी ही कारणे समोर आहेत. नवसाला चांदीचे डोळे वाहण्यात श्रद्धा आहे. ती उपचाराच्या आड येण्याचे कारण नाही.

अडलेली शीर थेट मोकळी करणारा खात्रीचा उपाय आज नाही. मात्र पीतबिंदूची सूज उतरवण्यासाठी डोळ्यात इंजेक्शने दिली जातात. ती अनेकदा महिन्यामहिन्याने घ्यावी लागतात. काही रुग्णांत स्टेरॉइडचा उपयोग होतो. रक्तपुरवठा फार घटला तर कमजोर नव्या वाहिन्या फुटतात, डोळ्याचा दाब भयंकर वाढतो आणि पहिल्या काही महिन्यांतच दृष्टी कायमची जाऊ शकते. लेसर या नव्या वाहिन्या रोखण्यासाठी असतो. म्हणून एका डोळ्याला अचानक धूसर दिसू लागले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे आणि रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.

दर्शनाची पूर्णता दृष्टीच्या तीक्ष्णतेवर अवलंबून नाही, हा दिलासा तत्त्वज्ञान देते. डोळा वाचवण्याची जबाबदारी मात्र ते माणसाकडेच ठेवते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि श्रद्धावान रुग्णाला दोन्हींची गरज असते.