घूस कुठे सोडायची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या दारी एक घूस पिंजऱ्यात सापडली. तिचं काय करायचं यावरून घरात जे झालं, त्याला भांडण म्हणायचं की चर्चा, हे माझं अजून ठरलेलं नाही.

आधी जागा सांगते. गिरगावातली वाडी, चाळीचा तळमजला, दोन खोल्या. मोरीच्या दारातून बाहेर पडलं की दहा-बारा फुटांचा तुकडा, त्यात आजीची तुळस, अबोली आणि एक किरटा कढीपत्ता. पलीकडे हाऊस गल्ली. याला आजी ‘परस’ म्हणते आणि आम्ही तिला कुणी दुरुस्त करत नाही.

जूनमध्ये तुळशीशेजारी ताज्या मातीचा ढीग दिसला. आठवड्याने दुसरा. मग मोरीतली एक फरशी पाय ठेवला की हलायला लागली. उंदीर डब्यातलं खातो, कपडे कुरतडतो. घूस खणते. जमिनीखाली बोगदे काढते, त्यांत धान्य साठवते, चिडली तर गुरगुरते. इंग्रजीतला ‘बॅंडिकूट’ हा शब्द तेलुगू ‘पंदिकोक्कु’वरून आला, म्हणजे डुक्कर-उंदीर. शंभर वर्षांच्या चाळीखाली तिचे बोगदे म्हणजे गंमत नाही.

आपल्या भाषेत मांजर मावशी आहे, उंदीर मामा आहे, चिमणी ताई आहे. घुशीशी मात्र कुणी नातं जोडलेलं नाही. भाद्रपदात मूर्तीच्या पायाशी बसलेल्या मामाच्या कानात इच्छा सांगणारी आमची चाळ घुशीला सरळ ‘मेली’ म्हणते.

पहिला सल्ला आला विषाचा. शेजारच्या काकूंनी वडीच आणून दिली. वेष्टनावर नाव होतं ब्रोमॅडिओलोन. फोनवर शोधलं आणि थबकले, कारण हे आजीच्या गोळीचं भावंड निघालं. आजीच्या हृदयाची झडप बदलली आहे. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तेव्हापासून ती रोज वॉर्फरिन घेते, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. हे वॉर्फरिन 1948 मध्ये बाजारात आलं ते उंदरांचं विष म्हणूनच. माणसांना ते नंतर द्यायला लागले. 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही हेच दिलं होतं.

मी आजीला सांगितलं. ती हसली. “म्हणजे मी रोज घुशीचं औषध खाते होय गं?” मग जरा वेळाने तिने विचारलं, “आणि तिला काय होतं ते खाऊन?”

रक्त गोठायचं थांबतं आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. मरायला काही दिवस लागतात. हा उशीर सोयीचाच मानला जातो. खाल्लं आणि लगेच मेलं असं झालं, तर बाकीचे सावध होतात. आजीला हिरडीतून रक्त आलं तरी आम्ही दवाखान्यात धावतो. तिने ती वडी काकूंना परत द्यायला लावली. शिवाय ते मेलेलं जनावर वाडीतल्या मांजराने खाल्लं तर विष पुढे जातं.

गोंदाचा पॅड मीच नाकारला. चिकटलेला प्राणी रात्रभर ओरडतो, हे एकदा ऐकलं आहे. म्हणून भजं लावून पिंजरा ठेवला. तिसऱ्या रात्री खटका पडला.

इथपर्यंत मला वाटत होतं की आम्ही बरी माणसं आहोत.

बाबांची जुनी पद्धत होती पिंजरा स्कूटरवर ठेवायचा आणि शिवडीच्या बाजूला नेऊन सोडायचा. ‘आपण मारलं नाही’ याचं त्यांना समाधान असे. या वेळी पिंजरा धरायला मी मागे बसले. बाबांनी जिथे स्कूटर थांबवली तिथे भिंतीला लागून झोपड्यांची रांग होती. एक बाई भांडी घासत होत्या. त्यांनी पिंजऱ्याकडे बघितलं आणि न ओरडता म्हणाल्या, “इथं नका सोडू दादा. आमच्याकडं काय कमी हायेत का?”

बाबा काही बोलले नाहीत. आम्ही घूस घेऊन परत आलो.

त्या बाईंचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं आमची भूतदया त्यांच्या दारात जाऊन पडत होती. घुशी-उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पसरतात, साचलेल्या पाण्यातून आणि पायाच्या जखमेतून माणसात येतात. 2005 च्या 26 जुलैनंतर मुंबईने ते अनुभवलं आहे. पाणी कुणाच्या घरात आधी शिरतं, हे सांगायला नको.

जीव वाचवण्याचा या शहराला जुना सोस आहे. 1832 मध्ये कंपनी सरकार भटकी कुत्री मारायला लागलं तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. दोनच वर्षांनी भुलेश्वरला, आमच्या वाडीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, पांजरपोळ उभा राहिला. मला त्या शेठ लोकांबद्दल आदर वाटतो, कारण त्यांनी जनावरांना आपल्याच पेठेत जागा दिली. दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलं नाही. अर्थात घुशीचा पांजरपोळ कुणी काढणार नाही, मीही नाही. 1896 साली मांडवीत प्लेग सापडला, त्यानंतर ‘उंदीर पडला’ म्हणजे घर सोडायचं, हे या भागातल्या लोकांना शिकवावं लागलं नाही. आजीने तिच्या आजीकडून हे शब्द ऐकले आहेत. ती भीती खोटी नव्हती.

म्हणजे मारणं काही वेळा भाग आहे, असं मी आता मानते. मग प्रश्न उरतो तो कुणी मारायचं याचा. महापालिकेचे मूषक संहारक रात्री टॉर्च आणि काठी घेऊन गल्ल्यांमधून फिरतात. एका रात्रीत 30 उंदीर मारायचे, असा त्यांचा कोटा असल्याचं छापून आलं आहे. मिरियम चांडी मेनाचेरी यांनी त्यांच्यावर ‘द रॅट रेस’ नावाचा माहितीपट केला आहे. आपण झोपलेलो असताना हे होतं, म्हणून आपले हात स्वच्छ राहतात. कायद्यानेही वर्षानुवर्षं असाच हात झटकला होता. 1972 च्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादीच होती, उंदीर त्यात होते. 2022 च्या दुरुस्तीत ती यादी गेली. कायद्यातून शब्द गेला तरी मोरीतली फरशी हलायची ती हलतेच.

आमच्या घुशीचं काय झालं? वाडीत झाडू मारायला येणाऱ्या काकांनी पन्नास रुपये घेतले आणि पिंजरा पिंपात बुडवला. बाबा आत गेले. मी थांबले. मोजलं नाही, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागला. पिंजरा धुऊन परत देताना काका म्हणाले, “ताई, वरून शिळं टाकायचं बंद करा आधी. ह्या काय हवेवर जगतात का?”

हे तर सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून हाऊस गल्लीत भात, पोळ्या, माशाचे काटे पडतात. अमावस्येला तर पानंच्या पानं. मी चाळीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. वरच्या मजल्यांचं म्हणणं पडलं की घुशी तळमजल्याचा प्रॉब्लेम आहेत. एक आजोबा म्हणाले, अन्न कचऱ्याच्या डब्यात टाकणं पाप, गल्लीत निदान मुक्या जीवाच्या पोटात जातं. त्यांना काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही. तेही भूतदयाच करत होते, तीन मजल्यांवरून.

आम्ही बिळात काचेचे तुकडे घालून सिमेंट भरलं, मोरीच्या तोंडाला जाळी बसवली. वरच्या दोन घरांनी शिळं टाकणं बंद केलं. तीन घरं अजून टाकतात.

या रविवारी तुळशीपाशी पुन्हा थोडी माती वर आलेली दिसली. आजीने ती पायाने सपाट केली आणि म्हणाली, “बाबाला सांगू नकोस इतक्यात.” पिंजरा माळ्यावर आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे मी संध्याकाळी जाणार आहे.