शांत कुणाला व्हायचंय?

आयसीयूतला पेशंट मध्यरात्री नळ्या उपटू लागतो, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो. जुनी माणसं म्हणायची, 'वात झालाय.' डॉक्टर म्हणतात, डिलिरियम. मग बऱ्याचदा हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन येतं.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या माइंड-यूएसए चाचणीत ५६६ पेशंटांपैकी काहींना हॅलोपेरिडॉल, काहींना झिप्रासिडोन आणि काहींना नुसतं सलाइन दिलं. डिलिरियमचा काळ कुठल्याच औषधानं कमी झाला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या १,७८९ पेशंटांच्या चाचणीत हॅलोपेरिडॉल आधीच देऊन पाहिलं. डिलिरियम टळला नाही, जीवही जास्त वाचले नाहीत. झोपेसाठी वापरलं जाणारं मिडॅझोलम तर डिलिरियमचा धोका वाढवतं.

मग इंजेक्शन नक्की कुणासाठी? डिलिरियमचा दुसरा प्रकार बघा. त्यात पेशंट गप्प पडून राहतो, कशालाच प्रतिसाद देत नाही. आजार तोच. पण त्याच्यासाठी कुणाची धावपळ होत नाही. उलट 'आज शांत आहेत हो' असं आपण फोनवर सगळ्यांना कळवतो.

माझे आजोबा आयसीयूत होते तेव्हा त्यांचा चष्मा आणि कानातलं मशीन पिशवीत घालून आमच्या हाती दिलं होतं. वर चोवीस तास ट्यूबलाइट, खिडकी नाही. सलाइनच्या स्टँडला ते 'तात्या' म्हणून हाका मारत. चौथ्या दिवशी एका सिस्टरनं चष्मा मागवून घेतला. भ्रम लगेच गेला नाही, पण स्टँडचा पुन्हा स्टँड झाला. चष्मा, घड्याळ, रात्री अंधार, घरचा आवाज, लवकर उठवून बसवणं: डिलिरियम टाळायचे उपाय हे असे आहेत. त्यांना माणसं लागतात, वेळ लागतो. इंजेक्शनला मिनिटभर.

रात्रपाळीच्या सिस्टरला दोष देणं सोपं आहे. तीन पेशंट सांभाळताना एकानं श्वासाची नळी उपटली तर जीव जाईल. तेव्हा तिनं इंजेक्शन दिलं तर मी चूक म्हणणार नाही. फक्त त्याला इलाज म्हणू नये; तो बंदोबस्त आहे. इलाज म्हटलं की पुढे शोधायचं काही उरत नाही, ना इन्फेक्शन, ना दुखणं, ना तुंबलेली लघवी.

आणि हा असा पेशंट, की त्याचं 'नको' हेसुद्धा आजाराचं लक्षण ठरतं. इंजेक्शननंतर तो हलत नाही. भिंतीवरची माणसं गेली का, हे त्याला कोण विचारतं?