शलाका मोजणाऱ्याचं भय

दहा हजार अज्ञांनी सांगितलेला धर्म हा धर्म नव्हे, एकाच वेदवेत्त्याने ठरवलेला मात्र खरा, असं मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात म्हटलं आहे. बहुमताला न जुमानता मनाला साक्षी ठेवणारे तुकोबाही आपलेच. मग सर्वोत्तम विज्ञानकथा मतदानाने ठरवणारा ह्युगो पुरस्कार मुळातच चुकीच्या पायावर उभा आहे का? संपादक ह्युगो गर्न्सबॅक यांच्या नावाचा हा पुरस्कार १९५३ साली फिलाडेल्फियात सुरू झाला. तो जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद देतात. वर्गणी भरली की कोणाही वाचकाला मत मिळतं. या मतांनी गुणवत्ता मोजली जाते असं मला वाटत नाही. क्लिफ्टन आणि रायली यांची १९५५ची विजेती कादंबरी आज कोण वाचतं? मतदानातून नोंदली जाते ती एका वाचकसमाजाची साक्ष. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं असावं लागतं आणि ती नोंदवणारा निर्भय असावा लागतो. ह्युगोची पडझड झाली ती या दोन ठिकाणी.

२०१५मध्ये काही गटांनी आपल्या पसंतीच्या नावांच्या याद्या फिरवल्या आणि त्यांच्या समर्थकांनी त्या नामांकनात उतरवल्या. नियम एकही मोडला नव्हता. पण दुसऱ्याने दिलेली यादी भरणं म्हणजे न पाहिलेल्या घटनेची साक्ष देणं. मार्को क्लूस यांना हे जाणवलं असावं. आपली कादंबरी यादीमुळे अंतिम फेरीत आली हे कळल्यावर त्यांनी ती मागे घेतली. रिकाम्या जागी लिऊ त्सशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आली आणि तीच जिंकली. ह्युगोच्या मतपत्रिकेवर ‘कोणालाही पुरस्कार नको’ हाही पर्याय असतो. त्या वर्षी सभासदांनी पाच विभागांत तोच निवडला. संपादकांच्या विभागांत यामुळे खरोखर मोठं काम केलेल्यांवरही अन्याय झाला, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही नकाराचा हक्क मतदाराच्याच हातात असणं मला फार मोलाचं वाटतं.

बौद्ध विनयातली एक तरतूद इथे आठवते. संघातला वाद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून बहुमत घेतलं जाई. त्या गोळा करणारा भिक्खू पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चारही गोष्टींपासून मुक्त असावा, अशी अट होती. कौल अधर्माकडे झुकला तर तो रद्द ठरवण्याची मुभाही त्याला होती. एवढा अधिकार एका हाती देणं मला धोक्याचं वाटतं, आणि त्याचं कारण २०२३च्या चेंगडू संमेलनात दिसलं. आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबल’ला अंतिम फेरीपुरती नामांकनं मिळाली होती, तरी ती अपात्र ठरली. कारण दिलं गेलं नाही. नंतर बाहेर आलेल्या ईमेलांवरून दिसलं, की पुरस्काराचं काम पाहणारे लोक लेखकांचं लेखन चीनच्या राजकारणाच्या अंगाने तपासत होते. कुणी तसा हुकूम दिला होता का, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी विनयाने सांगितलेल्या चारांपैकी चौथा दोष इथे उघड आहे.

यावर कुणी म्हणेल, तज्ज्ञांकडेच द्या. तज्ज्ञ-परीक्षणाचा मला आदर आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली आणि ती पहिली आली. परीक्षकांवर नावाचं दडपण येऊ नये म्हणून लेखकालाच नाव लपवावं लागलं. मोह आणि भय परीक्षकालाही असतं. मंडळ लहान असलं की ते दिसत नाही, इतकंच.

उलट निर्भय मोजणी कशी असते, हे पुढच्याच वर्षीच्या ह्युगोत दिसलं. २०२४मध्ये ग्लासगोच्या संमेलनात ३,८१३ मतांपैकी ३७७ बाद झाली. काही मतदारांची आडनावं एका अक्षराच्या फरकाने चालत होती, काहींची नावं म्हणजे ओळीने येणारे आकडे होते. एका स्पर्धकासाठी कुणीतरी वर्गण्या भरल्या होत्या. आयोजकांनी निकालाआधीच संख्या आणि कारण जाहीर केलं. त्या स्पर्धकाला हे ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता, म्हणून त्याचं नाव सांगितलं नाही, त्याला बादही केलं नाही. त्याला मिळालेली खरी मतं मात्र मोजली.