कॉकपिटमधील प्रामाण्यवाद

‘आम्हांला अनुभव आला आहे,’ एवढे म्हणून झाले की आपल्याकडील धर्मविषयक वाद बहुधा तेथेच थांबतो. ग्रंथाचे प्रामाण्य अमान्य करणारा, गुरूचा अधिकार नाकारणारा, कर्मकांडाची टवाळी करणारा मनुष्यदेखील दुसऱ्याच्या अनुभवापुढे काहीसा संकोचतो. ज्याला जे जाणवले ते त्याला जाणवलेच नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे, असे त्याला वाटते. हा संकोच सभ्यतेला धरून असला तरी विचाराला मारक आहे. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’तील सहावे प्रकरण शब्दखंडनासाठी खर्ची घातले, परंतु अनुभवाचीच उलटतपासणी करावयाची झाल्यास ती कोणी करावी आणि कोणत्या आधारावर करावी, हा प्रश्न मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके लढविला गेला असूनही मराठी धर्मचर्चेत तो क्वचितच ऐकू येतो. मला तर असे वाटते की, त्या जुन्या वादाचा सर्वांत रोखठोक प्रयोग आज कोणत्याही पाठशाळेत होत नसून ढगांत शिरलेल्या एखाद्या लहानशा जेट विमानाच्या कॉकपिटमध्ये होत असतो.

उदाहरणादाखल अमेरिकेतील सेस्ना कंपनीचे ‘सायटेशन मस्टँग’ हे विमान घेऊ. २००५ साली ते प्रथम उडाले, पुढील वर्षी त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन जास्तीत जास्त ८,६४५ पौंड, म्हणजे सुमारे ३,९०० किलो; शेपटीजवळ दोन छोटी जेट इंजिने; वेग ताशी सुमारे ६३० किलोमीटर; आणि चढण्याची मर्यादा ४१,००० फूट, म्हणजे मोठमोठी प्रवासी विमाने ज्या उंचीवरून सामान्यतः जातात तिच्याही किंचित वर. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, हे विमान एकट्या वैमानिकाने चालविण्यास कायद्याची मुभा आहे. त्याच्यासमोर तीन पडदे असतात, त्यांवर कृत्रिम क्षितिज, उंची, वेग आणि दिशा उमटत राहतात, आणि या पडद्यांखेरीज त्यांच्याशी संबंध नसलेली दोन-तीन लहान राखीव उपकरणे बसविलेली असतात. विमान ढगात शिरले आणि काचेबाहेर पांढऱ्या शून्याखेरीज काही उरले नाही, की या माणसाला क्षितिजाविषयी साक्ष देणारे दोनच पक्ष राहतात : एक ही उपकरणे आणि दुसरे त्याचे स्वतःचे शरीर.

शरीराची साक्ष येथे कशी बनते ते थोडे विस्ताराने पाहणे अवश्य आहे. प्रत्येक कानाच्या आतील भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नलिका वळते, द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो, त्या रेंगाळण्याने सूक्ष्म केस वाकतात, आणि ‘मी वळत आहे’ ही जाणीव उत्पन्न होते. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठी ही योजना उत्तम आहे, कारण आपण एका दिशेने फार वेळ वळत राहत नाही. विमान मात्र राहते. आणि पंधरा-वीस सेकंद एकाच गतीने वळत राहिल्यावर द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो, केस सरळ होतात, आणि विमान एका पंखावर कललेले असताना आपण अगदी सरळ चाललो आहोत असा निःसंशय प्रत्यय येतो. याच्या उलट, वैमानिकाने विमान खरोखर सरळ केले की त्याला आपण विरुद्ध दिशेला वळू लागलो असे वाटते. तो त्या भासाला वश होऊन पुन्हा पहिल्या वळणात जातो, उंची कमी होताना पाहून नाक वर खेचतो, आणि त्या खेचण्याने वळण अधिकच आवळत जाते. विमान अशा रीतीने जमिनीकडे गरगरत जात असताना आतील माणसाला मात्र आपण समतल आहोत याची खात्री असते.

ही गोष्ट आरंभीच्या वैमानिकांना मान्य होत नव्हती, आणि ते स्वाभाविकही होते, कारण चांगला वैमानिक तो की ज्याला आसनावरूनच विमानाची चाल कळते, अशी त्या पिढीची समजूत होती. १९२६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे विल्यम ऑकर या सेनादलातील अनुभवी वैमानिकाला डोळे मिटवून फिरत्या खुर्चीवर बसविण्यात आले, आणि आपण कोणत्या दिशेला फिरत आहोत हे सांगण्यात तो सपशेल चुकला. पुढे त्याने एका पेटीत वळणदर्शक उपकरण बसवून घेतले, त्यात पाहून उत्तरे दिली, आणि ती बरोबर आली. १९२९ च्या २४ सप्टेंबरला जिमी डूलिटल याने न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर झाकलेल्या कॉकपिटमधून, केवळ उपकरणे पाहून विमान उडविले, फिरविले आणि उतरविले. तरीही शरीराचा हट्ट किती चिवट आहे याचा दाखला १९५४ साली इलिनॉय विद्यापीठातील प्रयोगाने दिला : उपकरणांवर उड्डाण करण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना ढगातल्यासारख्या स्थितीत विमान चालवावयास दिले असता वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, आणि त्यास सरासरी १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटेही लागली नाहीत.

आता मीमांसक कुमारिल भट्टांकडे वळू. त्यांचा सिद्धान्त असा की ज्ञान हे स्वतःप्रमाण असते. ते उत्पन्न झाले की त्यास खरे ठरविण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या शिक्कामोर्तबाची गरज नसते, आणि ते खोटे ठरते ते मात्र बाहेरून, एक तर त्याच्या विरुद्ध जाणारे बाधक ज्ञान उपस्थित झाल्याने, नाही तर ज्या कारणापासून ते उपजले त्या कारणातच दोष आहे असे कळल्याने. कावीळ झालेल्यास शंख पिवळा दिसतो. पित्ताचा दोष त्याला समजला की पिवळेपणाचे ज्ञान डोळ्यांपुढे असूनही रद्दबातल होते. इलिनॉयच्या त्या वीस जणांपाशी हे कारणदोषज्ञान नव्हते. शिकलेल्या वैमानिकाजवळ ते असते, आणि वैमानिकाच्या शिक्षणाचा बराच मोठा भाग आपल्याच इंद्रियाविरुद्धची फिर्याद आगाऊ नोंदवून ठेवण्यात जातो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. ऐन ढगात तो कानाशी वाद घालीत बसत नाही. त्या प्रकरणाचा निकाल जमिनीवर, उजेडात, स्वस्थ चित्ताने लागून चुकलेला असतो.

येथे वेदान्ताला प्रिय असलेला एक मुद्दा आपोआप पुढे येतो. दोष कळल्याने भास खोटा ठरतो, पण तो नाहीसा होतोच असे नाही. कृत्रिम क्षितिजावर पंख समतल दिसत असताना आणि ते तसेच आहेत हे पक्के माहीत असताना वैमानिकाचे शरीर एका अंगाला झुकू पाहते, आणि कित्येकदा तो आसनात तसा तिरका बसूनच विमान सरळ नेतो. ज्याला बाधितानुवृत्ती म्हणतात, म्हणजे मिथ्यात्वाचा निश्चय झाल्यावरही प्रतीती चालू राहणे, तिचे याहून बोलके उदाहरण मला तरी आढळलेले नाही. ज्ञान्यालाही जग दिसतच असते, मग ज्ञानाने झाले काय, असा आक्षेप घेणाऱ्यांनी त्या तिरक्या बसलेल्या माणसाचे विमान कोठे चालले आहे ते पाहावे.

परंतु कान लबाड ठरला म्हणून पडदा सत्यवादी ठरत नाही. उपकरणे माणसांनी बनविली आहेत. वेगमापकाच्या नळीत बर्फ साचते, संवेदक बिघडतात, तारा तुटतात. त्यांना वेदासारखे अपौरुषेयत्वाचे संरक्षण नाही, आणि म्हणून या ठिकाणी मीमांसकाची वाट सोडून नैयायिकाची धरावी लागते. न्यायसूत्रांत वेदाचे प्रामाण्य मंत्र आणि आयुर्वेद यांच्या प्रामाण्यासारखे आहे असे सांगितले आहे; तात्पर्य हे की, ज्या आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याचे, वचन दृष्ट विषयात पडताळून खरे ठरले त्याचेच वचन अदृष्ट विषयातही मानावे. वैमानिकाची श्रद्धा नेमकी या जातीची असते. निरभ्र दिवसांत उपकरणाचे क्षितिज आणि काचेबाहेरचे क्षितिज एकमेकांशी जुळताना त्याने वारंवार पाहिलेले असते, आणि त्या रुजुवातीच्या बळावर तो ढगात त्याच उपकरणावर विसंबतो. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की ढगाला तळ असतो. सामान्य उपकरणांच्या साह्याने उतरताना जमिनीपासून २०० फुटांवर निर्णयाची उंची येते. तेथवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दृष्टीस पडले नाहीत तर वैमानिकाने बिनतक्रार पुन्हा वर निघून जावयाचे असते. म्हणजे त्याची श्रद्धा दर उतरणीला एकदा रोखीत वटविली जाते. स्वर्गकामाने यज्ञ केला तर त्याला ही सोय नाही, आणि नैयायिकांच्या युक्तिवादातील हा कमकुवत सांधा कोणत्याही पांडित्याने बुजलेला नाही असे माझे मत आहे.

दोन आप्तांतच मतभेद झाला तर काय करावे? मस्टँगमध्ये डाव्या आणि उजव्या पडद्यास माहिती पुरविणारी यंत्रणा स्वतंत्र असते, आणि दोहोंतील अंतर ठराविक मर्यादेपलीकडे गेले की पडद्यावर तशी सूचना उमटते. दोहोंतील खोटा कोण हे ती सूचना सांगत नाही, तेवढे सांगण्याचा अधिकारच तिला नाही. मग वैमानिक राखीव उपकरणाकडे पाहतो, आणि ज्याच्या बाजूने तिसरा साक्षीदार उभा राहील त्याचे मानतो. पडताळ्याला पडताळा लागू लागला तर अनवस्था होईल, यासाठी तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याचे कारण नाही, असे कुमारिल लिहून गेले आहेत. सेस्नाच्या कॅन्ससमधल्या यंत्रज्ञांनी ते वाचले असण्याचा संभव नाही, पण हिशेब तोच निघाला.

येथवर एक गोष्ट आपण गृहीत धरली : निवाडा करणारी बुद्धी तरी शाबूत आहे. एक्केचाळीस हजार फुटांवर तीही खात्री देता येत नाही. तेथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक-पंचमांशाहूनही कमी असतो आणि आत यंत्राने सुमारे आठ हजार फुटांइतका दाब राखलेला असतो. तो एकदम गेला तर शहाणपणाने काही करण्यास फार तर पंधरा-वीस सेकंद मिळतात. पण एकदम जाण्यापेक्षा हळूहळू जाणे अधिक भयंकर, कारण प्राणवायू कमी होऊ लागला की गुदमरल्यासारखे वाटत नाही. कित्येकांना उलट प्रसन्न, निश्चिंत आणि आत्मविश्वासाने भरल्यासारखे वाटते. बंगळूरच्या वायुसेनेच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत आहे तशा कमी दाबाच्या कक्षात वैमानिकांना बसवून हे मुद्दाम अनुभवास आणून देतात. कागदावर अक्षरे लडबडत जातात आणि लिहिणारा मात्र आपण झकास लिहीत आहोत अशा समाधानात असतो. १९९९ च्या २५ ऑक्टोबरला गोल्फपटू पेन स्ट्युअर्ट यांच्यासह सहा जणांना घेऊन ऑर्लँडोहून डॅलसकडे निघालेले एक लिअरजेट असेच दाब गमावून बसले. आतून कोणाचाही प्रतिसाद येत नसताना इंधन सरेपर्यंत ते सुमारे चार तास उडत राहिले आणि दक्षिण डकोटात कोसळले. जवळून पाहण्यास गेलेल्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना खिडक्यांवर हिम साचलेले दिसले होते. दाब का गेला याचा उलगडा चौकशीतही झाला नाही.

यावरून संतांचा आनंद म्हणजे प्राणवायूची टंचाई, असे म्हणून टाळी मिळवणारे लोक आहेत, त्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी इच्छा नाही. प्रत्येक ज्ञान कोणत्या ना कोणत्या करणातून, म्हणजे साधनातूनच येते. खरे वळणदेखील त्याच कानाच्या नलिकेतून कळते. करण दाखवून देणे आणि करणातील दोष दाखवून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि भक्ताच्या मेंदूत काय घडले हे सांगितल्याने त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. मात्र उलट बाजूने भक्तालाही हे मान्य करावे लागेल की, अनुभवाची उत्कटता, शांती आणि निःशंकता या तिन्हींपैकी एकही त्याच्या खरेपणाचा पुरावा नव्हे, कारण कोसळणाऱ्या विमानात त्या तिन्ही असू शकतात. पतंजलींनी हे ओळखले होते. त्यांनी अंतरायांच्या यादीत व्याधी आणि आळस यांच्याच शेजारी भ्रांतिदर्शनाला बसविले आहे, आणि ज्या सिद्धींनी शिष्यगण भारावून जातो त्यांना समाधीतील उपसर्ग ठरविले आहे. योगमार्गाची ती चेकलिस्टच म्हणावी. आजच्या बुवांच्या मठांतून ती कोठे वाचली जात असल्याचे मात्र ऐकिवात नाही.

शिष्याचा दोष गुरूला दिसतो, एका वैमानिकाचा दुसऱ्याला. खरी अडचण एकट्याची आहे, कारण तेथे आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश ही एकच असामी असते, आणि दोष शिरला तर तिघांतही एकदमच शिरतो. अमेरिकेच्या हवाई कायद्याने या अडचणीवर आपल्यापुरती तजवीज केली आहे. पस्तीस हजार फुटांवर गेल्यावर एका वैमानिकाने प्राणवायूचा मुखवटा चढवून श्वास घेत राहिले पाहिजे. एक्केचाळीस हजारांपर्यंत यातून सूट आहे, पण ती दोन वैमानिक आपापल्या जागी असतील आणि दोघांपाशीही झटकन चढविता येणारे मुखवटे असतील तर. एकट्याला सूट नाही. आतला दाब ठीक असो, सर्व उपकरणे निर्धोक असोत, त्याने मुखवटा लावूनच बसावयाचे. तो मुखवटा तोंडावर रुततो, त्यातून बोलणे त्रासाचे होते, आणि आपल्याला तर काहीच होत नाही, उलट बरेच वाटते आहे, असे म्हणून तो काढून ठेवण्याचा मोह पडणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु बरे वाटणे हा पुरावा दाखल करून घेण्यासच त्या कायद्याने नकार दिलेला आहे.