जुन्या तबकडीचें ऋण

जी वस्तु आपण दुसऱ्याच्या हातून कमी मोलानें घेतली, तिच्या मूळ कर्त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय? पुस्तकांच्या बाबतींत हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. व्हिडिओ गेमच्या धंद्यांत मात्र वापरलेल्या तबकड्यांच्या विक्रीवरून मोठें वादंग माजलें. जुना बाजार खेळांच्या उत्तरभागांचा घात करतो, असें कर्त्यांचें म्हणणें.

कायद्याचें उत्तर स्पष्ट आहे. एका अमेरिकन प्रकाशकानें आपली कादंबरी एक डॉलरहून कमी किंमतीस विकूं नये अशी सूचना तिच्यावर छापली असतां मेसीच्या दुकानानें ती ८९ सेंटांस विकली. १९०८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें दुकानाच्या बाजूनें निकाल दिला. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेंही २००२ सालीं वापरलेल्या खेळांची विक्री वैध ठरविली.

तथापि कर्त्यांची तक्रार निव्वळ लोभाची नाहीं. जुन्या पुस्तकाचीं पानें पिवळीं पडतात. तबकडी जपली तर दहाव्या हातींही खेळ पहिल्यासारखाच दिसतो. गेमस्टॉपसारख्या दुकानांतून ती नव्या प्रतीशेजारींच थोड्या कमी किंमतीस मांडलेली असे, आणि तिचे सारे पैसे दुकानदारास मिळत. पण आमच्या मतें खरा घाव पैशापेक्षां हिशेबाचा आहे. उत्तरभाग काढावा कीं नाहीं हें बहुधा पहिल्या भागाचा खप पाहून ठरतें. जुनी प्रत घेऊन जो रात्र रात्र जागला, पुढें काय होणार याची ज्याला तळमळ लागली, त्याचें प्रेम त्या वहींत कोठेंच चढत नाहीं. दहा जण खेळले तरी खप एक! आवडीचा खेळ अपुरा राहिला तर त्या दोषांत त्याचाही थोडा वाटा आहे, असें म्हणणें प्राप्त होतें.

येथपर्यंत आम्ही कर्त्यांशीं सहमत आहों. परंतु जुना बाजार उत्तरभागास मारतो तसा पोसतोही. पहिला भाग दुकानांत देणारा मनुष्य आलेली रक्कम पुष्कळदां दुसऱ्या भागासच लावतो. पूर्ण किंमत देण्याचें बळ त्यास त्या मोडींतूनच येतें. घेणाऱ्याचेंही तसेंच. 'मास इफेक्ट' या मालिकेचे तीन भाग २००७, २०१० व २०१२ सालीं निघाले, आणि पहिल्या भागांत खेळणाऱ्यानें केलेल्या निवडींचे परिणाम पुढच्या भागांत उतरत. अशा मालिकेंत मधूनच कोण शिरणार? उशिरा आलेल्या गरिबास पहिला भाग स्वस्तांत मिळाला, तर तिसऱ्यास एक गिऱ्हाईक वाढतें. (आमचे विद्यार्थी अप्पा बळवंत चौकांतून जुनीं पुस्तकें आणतात, त्यांतलेच पुढें नवीं पुस्तकें घेणारे होतात.)

एवढा धीर कंपन्यांस नव्हता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनें २०१० सालीं नव्या प्रतीबरोबर एक संकेतांक देण्यास आरंभ केला. जुनी प्रत घेणाऱ्यास इंटरनेटवर इतरांशीं खेळावयाचें तर निराळे पैसे मोजावे लागत. २०१३ सालीं ती प्रथा त्यांनींच सोडली. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या नव्या यंत्रावरील खेळांच्या पुनर्विक्रीस बंधनें घालण्याचें जाहीर केलें, आणि लोकक्षोभ पाहून थोड्याच आठवड्यांत तो बेत मागें घेतला.

धाकानें जें साधलें नाहीं तें सोयीनें साधलें. आज पुष्कळसे खेळ तबकडीवांचून थेट यंत्रावर उतरवून घेतले जातात. पैसे देऊन मिळतो तो परवाना, मालकी नव्हे. तो सहसा विकतां येत नाहीं, कीं मित्राला देऊन टाकतां येत नाहीं. कर्त्याच्या वहींत आतां प्रत्येक घेणारा चढतो. मात्र पहिला भाग संपल्यावर, तो देऊन दुसरा आणावा असें त्याच्या हातांत कांहीं उरत नाहीं.